लावलेली झाडे आणि जगलेली झाडे



झाडांचे महत्त्व सांगणारे पाठ व घोषवाक्ये शाळेत पुष्कळ आहेत. परंतु झाड लावल्यानंतर पुढे काय होते, हे मुलांना दाखविणारे साधन विरळा. ‘झाडे लावणारा माणूस’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव असलेला अर्ध्या तासाचा अॅनिमेशनपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कॅनडातील चित्रकार फ्रेडरिक बॅक यांचा हा चित्रपट १९८७ सालचा असून १९८८ साली त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यातील हजारो चित्रे रंगीत पेन्सिलींनी हाताने काढलेली आहेत.

मूळ कथा फ्रेंच लेखक ज्याँ जिओनो (१८९५–१९७०) यांची. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सचा उजाड डोंगराळ मुलूख. झरे आटलेले, गावे ओस पडलेली. तेथील एकटा मेंढपाळ रात्री ओक वृक्षाची शंभर निर्दोष बीजे निवडतो व दिवसा लोखंडी कांबीने भोके पाडून ती पेरतो. दोन महायुद्धे होऊन जातात, तरी त्याचे काम थांबत नाही. अखेर अरण्य उभे राहते, ओढे वाहू लागतात, माणसे परततात. चित्रपटाचा आरंभीचा मातकट रंगही हळूहळू हिरवा होत जातो.

शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे ते कथेतील हिशेबाकडे. तीन वर्षांत पेरलेली बीजे १,००,०००, उगवली २०,०००, त्यांतील निम्मी जातील असे मेंढपाळ धरून चालतो. उरली १०,०००, म्हणजे दहांत एक. पुढे एका वर्षी लावलेली १०,००० हून अधिक मेपलची झाडे सर्वच मरतात. तेव्हा तो मेपल सोडून बीच लावतो. मेंढ्यांपासून रोपांना धोका दिसताच मेंढ्या कमी करून मधमाश्या पाळतो.

आपल्या देशात केंद्रीय अन्न व शेती मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. लावलेल्या रोपांची संख्या नोंदवहीत चढते. वैशाखात किती उभी आहेत, याची नोंद क्वचितच आढळते. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप जाताना मुले पाहतात, आणि वृक्षारोपण हा एका दिवसाचा समारंभ आहे, एवढेच शिकतात.

म्हणून चित्रपट दाखवून, अथवा ते शक्य नसल्यास कथा सांगून, चौथी-पाचवीच्या मुलांकडून चार रकान्यांची वही ठेववावी : लावलेली रोपे, दिवाळीनंतर उभी असलेली, पुढील जूनमध्ये उभी असलेली, आणि गेलेल्या रोपांचे कारण. रोप गेले म्हणून कोणास रागावू नये. रागावल्यास आकडे खोटे येऊ लागतात. कारणे कळली की शेळ्यांसाठी कुंपण, पाण्यासाठी पाळ्या, जमिनीस मानवणारी जात, हे उपाय मुले स्वतःच सुचवितात.

मेंढपाळ खरा होता काय, असे मुले विचारतील. तो काल्पनिक आहे, हे स्पष्ट सांगावे; आणि आसामातील जादव पायेंग यांची खरी हकीकतही सांगावी. १९७९ साली त्यांनी ब्रह्मपुत्रेतील वाळूच्या पट्ट्यावर झाडे लावण्यास आरंभ केला, तेथे अरण्य उभे राहिले, आणि २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

येत्या पावसाळ्यात नवे खड्डे खणण्यापूर्वी गतवर्षीची रोपे मोजावीत. आणि उन्हाळाभर जेवढ्यांना पाणी घालता येईल, तेवढीच नवी लावावीत.