न्यायालयांतील प्रतिपक्ष

सांगलीच्या पेठेंतील एका अडत्यानें परगांवच्या व्यापाऱ्यावर हळदीच्या पैशांचा दावा लावला आहे, अशी कल्पना करावी. अडत्या म्हणतो, माल पोंचला, पैसे आले नाहींत. व्यापारी म्हणतो, हळद ओली निघाली. दोघेहि शपथेवर बोलतात, आणि दोघांजवळहि वह्या आहेत. न्यायाधीश त्या दिवशीं पेठेंत हजर नव्हता. मग खरें काय तें त्यानें ओळखावें कसें?

भारतांतील न्यायालयांनीं यासाठीं जी पद्धति पत्करली आहे, तींत न्यायाधीश स्वतः पुरावा शोधीत हिंडत नाहीं. वादी आपलें म्हणणें मांडतो, प्रतिवादी कैफियतीनें त्यास उत्तर देतो, आणि दोघांचें जेथें पटत नाहीं तेवढेच मुद्दे न्यायाधीश काढतो. मग साक्षी सुरू होतात. ज्याचा साक्षीदार, त्याचा वकील प्रथम सरतपासणी करतो. तींत उत्तर सुचविणारा प्रश्न विचारण्यास सामान्यतः मनाई असते. नंतर विरुद्ध पक्षाचा वकील उलटतपासणी करतो. तेथें मात्र तसा प्रश्न चालतो. जरूर पडल्यास शेवटीं फेरतपासणी होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें घालून दिलेली ही चाकोरी, १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. फौजदारी खटल्यांत एका बाजूस सारें सरकार असतें आणि दुसऱ्या बाजूस एकटा आरोपी. म्हणून तेथें शाबितीचा भार सरकारवर असतो, आणि रास्त संशय उरल्यास त्याचा फायदा आरोपीस मिळतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? शहाण्या न्यायाधीशानेंच तपास करावा आणि निकाल द्यावा. ही रीतहि अपरिचित नाहीं. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनीं १७७३ सालीं झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा स्वतः छडा लावला आणि रघुनाथरावांस दोषी ठरविलें. परंतु या रीतीचें सारें यश तपास करणाऱ्याच्या निःस्पृहतेवर अवलंबून असतें, आणि रामशास्त्री प्रत्येक पिढीस लाभत नाहींत. ते नसले म्हणजे काय होतें, हें साताऱ्यानेंच पुढें पाहिलें.

कंपनी सरकारच्या शिपायांस फितविल्याचा आरोप छत्रपति प्रतापसिंह महाराजांवर आला, तेव्हां १८३६ सालीं कंपनीच्याच अधिकाऱ्यांचें चौकशीमंडळ साताऱ्यास बसलें. चौकशी गुप्तपणें चालली. आरोप करणारी कंपनी, चौकशी करणारी कंपनी आणि निकाल देणारीहि कंपनीच! महाराजांनीं पुराव्याच्या नकला मागितल्या. त्या मिळाल्या नाहींत. १८३९ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यास आले. कबुलीवर सही केल्यास गादी राहील, असें त्यांनीं सांगितलें. महाराजांनीं सही केली नाहीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ते पदच्युत झाले, पुढें त्यांस काशीस ठेवण्यांत आलें, आणि १८४७ सालीं ते तेथेंच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्यें त्यांच्या बाजूनें झगडत राहिले; पण तोंवर, १८४८ सालींच, सातारचें राज्य खालसा झालें होतें.

महाराजांवरील आरोप खरे कीं खोटे, हा वाद इतिहासकारांनीं करावा. न्यायाच्या दृष्टीनें प्रश्न निराळा आहे. आरोपकर्त्यांची जबानी उघड्यावर आलीच नाहीं, विरोधी प्रश्नांच्या कसोटीस ती लागलीच नाहीं; म्हणून तो निकाल आजहि मनास पटत नाहीं. प्रतिपक्षाचा वकील साक्षीदारास छळतो असें पुष्कळांस वाटतें. पण सोनें कसोटीवर घासल्यावांचून त्याचा कस कळत नाहीं.

या पद्धतींतहि एक मोठें वैगुण्य आहे. कुस्तीच्या या मुलखांत निराळें सांगावयास नको कीं, जोड तुल्यबळ नसेल तर निकालास अर्थ राहत नाहीं. एकाजवळ नामांकित वकील आणि दुसऱ्याजवळ फीपुरतेहि पैसे नाहींत, तर तेथें सत्य नव्हे, थैली जिंकेल. हें जाणून १९७६ सालीं मोफत विधिसाहाय्याचें तत्त्व राज्यघटनेंत घालण्यांत आलें. त्यासाठींचा १९८७ चा कायदा १९९५ सालीं अमलांत आला, आणि साताऱ्याप्रमाणेंच सांगलीसहि आज जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे. शिवाय न्यायाधीशानें केवळ आखाड्यांतला पंच होऊन बसावें असें कायदा म्हणत नाहीं. सत्य बाहेर येण्यासाठीं साक्षीदारास स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाहि आहे.

सांगलीचा तो हळदीचा दावा शेवटीं कोणीतरी हरेलच. हरलेला मनुष्य न्यायालयाच्या पायऱ्या उतरतांना खट्टू होईल, वकिलासहि दोष देईल. पण आपल्याविरुद्ध काय सांगितलें गेलें तें त्यानें समोरासमोर ऐकलेलें असेल, आणि त्यावर त्याचा प्रश्न विचारून झालेला असेल. एका छत्रपतींस जें मिळालें नाहीं, तें पेठेंतल्या व्यापाऱ्यास मिळतें, हीच या पद्धतीची थोरवी होय.