फुकट शिक्षणाचा बाजार

(सणसर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला ऑनलाइन शिक्षणावर बोलायला उभं केलंय. मी मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, उरलेल्या वेळात कविता लिहितो. या विषयावर बोलायला जी पदवी लागते ती माझ्याकडं नाही. पण ही सगळी थाळी माझ्यासाठीच वाढलीय, असं वाढणारे सांगतात. ज्याला कॉलेजचं दार बंद, त्याच्यासाठी जगातलं मोठ्यात मोठं विद्यापीठ खुलं, तेही फुकट. मग ज्याच्या नावानं वाढलंय त्यानं थाळीत काय पडलं ते बघायला नको?

आधी बाजार बघू. आपल्या शेजारी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर 'कृषिक' भरतं. तुमच्यातले बरेच जण जाऊन आलेत. तिथं पीक उभं असतं, ठिबक चालू असतं, आता तर उसाला पाणी किती आणि कधी द्यायचं तेही एआय सांगतं म्हणून दाखवतात. शेतकरी येतो, पान हातात धरतो, भाव विचारतो, पटलं तर घेतो. घेणारा तोच, वापरणारा तोच. (त्या प्रदर्शनात ऊस दिसतो, ऊस तोडणारा दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडं येतो मी.)

शिक्षणाच्या सामानाचीही अशीच प्रदर्शनं भरतात. लंडनला 'बेट' नावाचं १९८५ पासून, आपल्या देशात 'डायडॅक इंडिया'. तिथं काय असतं? भिंतीएवढे टचचे फळे, टॅब, हजेरी घेणारी मशिनं, मार्कांचा हिशोब ठेवणारी सॉफ्टवेअरं, तयार कोर्सचे गठ्ठे. विकणारी कंपनी. घेणारा संस्थाचालक, नाहीतर सरकारी अधिकारी. आणि ज्याच्या डोक्यात हे सगळं भरायचं ते पोरगं? गिऱ्हाईक म्हणून त्याला तिथं कुणी मोजतच नाही. चप्पल घ्यायला निघायचं आणि पाय घरी ठेवून जायचं, असला व्यवहार.

आता गोदीवाल्याची एक गोष्ट ऐका. हे 'बेट' २०१३ पासून लंडनच्या एक्सेल नावाच्या इमारतीत भरतंय. ती इमारत उभी आहे रॉयल व्हिक्टोरिया डॉकच्या काठावर. १९८१ ला ती गोदी बंद पडली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं माल उचलणारे माझे भाऊबंदच होते की. कंटेनर आला आणि माणसं गेली. मुंबईतही एक व्हिक्टोरिया डॉक होती, तीही बुजवली. जे जहाज रिकामं करायला टोळ्याच्या टोळ्या लागायच्या तिथं आता क्रेन आणि मूठभर माणसं. म्हणून कुणी म्हणालं की 'एका मास्तरचं लेक्चर लाख पोरांना पुरतं', तर मला पहिला प्रश्न सुचतो तो गोदीतला. बाकीच्या मास्तरांचं काय केलं?

हे लाखाचं गणित सुरू झालं २०११ ला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या दोन मास्तरांनी, सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी, आपला कोर्स इंटरनेटवर फुकट टाकला. दीड लाखाच्या वर लोकांनी नाव घातलं. लगेच २०१२ ला युडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स अशा तीन दुकानांच्या पाट्या लागल्या. पेपरांनी ढोल वाजवले. आता गावातला पोरगा हार्वर्डला बसणार, जगातली गरिबी जाणार.

कोण बसलं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, ती २०१३ ला 'नेचर'मध्ये छापून आली. शंभरातल्या त्र्याऐंशी जणांच्या खिशात आधीच पदवी नाहीतर पदविका होती. आणि भारत, ब्राझील, चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका या देशांतले जवळजवळ ऐंशी टक्के विद्यार्थी कुठले? तर लोकसंख्येतल्या सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात शिकलेल्या सहा टक्क्यांतले. पुढं २०१९ ला 'सायन्स'मध्ये हार्वर्ड-एमआयटीच्या कोर्सचा हिशोब आला. नाव घालणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त कोर्सच्या आत पाऊलच टाकत नाहीत, आणि २०१७-१८ ला कोर्स पुरा करणारे होते शंभरात तीन.

हे ऐकून मला जोतिबा आठवले. १८८२ ला हंटर कमिशनपुढं त्यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि त्याच्यावर शिकतात वरचे, असा त्यांचा रोकडा हिशोब. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे इंग्रजांचं तत्त्व त्यांनी खोडून काढलं. खाली झिरपत नाही, वरचेच पिऊन टाकतात. एकशे तीस वर्षांनी इंटरनेटच्या नळाला तोच अनुभव आला.

आणि फुकट म्हणजे तरी काय? एडएक्स हार्वर्ड आणि एमआयटीनं काढलं ते नफ्यासाठी नाही, असं सांगून. २०२१ ला ते टूयू नावाच्या कंपनीला ऐंशी कोटी डॉलरला विकलं. २०२४ ला त्या कंपनीनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. जगाला फुकट वाटायची पाणपोई, आणि तिचा असा सौदा.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते सॅन होजेचं प्रकरण. कॅलिफोर्नियातलं हे सरकारी विद्यापीठ, कामकरी घरांतली, काळी-सावळी पोरं तिथं जास्त. २०१३ ला तिथल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना सुचवण्यात आलं की हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचा 'न्याय' या विषयावरचा ऑनलाइन कोर्स तुमच्या वर्गात वापरा. मास्तरांनी सँडेलना उघडं पत्र लिहून नकार कळवला. त्यांचं म्हणणं असं की यातून दोन जातींची विद्यापीठं होतील. पैसेवाल्यांच्या पोरांपुढं जिवंत मास्तर, आणि बाकीच्यांच्या पोरांपुढं त्या मास्तरचा व्हिडिओ. विषय काय, तर न्याय! त्याच विद्यापीठात युडॅसिटीबरोबर गणिताचे कोर्स चालवून बघितले, इतकी पोरं नापास झाली की जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आम्हाला काय सांगतोस. बरं, इथलं घ्या. आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल २००३ ला सुरू झालं, सरकारचं 'स्वयम्' २०१७ ला. बघायला फुकट, ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. मी स्वतः फोनवर एक संगणकाचा कोर्स घेतला. जो धडा शाळेत मास्तरानं दुसऱ्यांदा विचारलं म्हणून डोळे वटारून बंद केला असता, तो मी दहा वेळा मागं सारून ऐकला. व्हिडिओ जात विचारत नाही, आडनाव ऐकून तोंड वाकडं करत नाही. हे सुख मी नाकारणार नाही. पण पाळी करून आलेला माणूस, इंग्रजीतलं बोलणं, आणि अडलं तर विचारायला कोण? अडलो तिथं अडलोच. पुढं आमच्याच पाळीतल्या एकाचा भाऊ डिप्लोमाला होता, त्यानं चहा पिता पिता अर्ध्या तासात समजावलं. लाखांच्या कोर्सला कमी पडला तो एक माणूस.

आता धोक्याची जागा सांगतो. यूजीसीनं २०१६ ला कॉलेजांना मुभा दिली की शंभरातले वीस टक्के क्रेडिट 'स्वयम्'वरून चालतील. २०२१ ला ते चाळीस टक्के केले. एका बाजूला कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर राबणारी आमची शिकलेली पोरं तासाच्या भाड्यानं, आणि दुसऱ्या बाजूला चाळीस टक्के व्हिडिओ. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा. प्राध्यापकाच्या जागेला आरक्षण असतं. व्हिडिओला आरक्षण नसतं. जागाच भरली नाही तर आरक्षण कशावर मागणार?

शाळेचंही तेच. २०२३ ला सरकारनं 'समूह शाळे'ची टूम काढली. वीसपेक्षा कमी पोरं असलेल्या राज्यातल्या चौदा हजारांहून जास्त शाळा यात येत होत्या. वाडीतली शाळा बंद आणि लांबच्या मोठ्या शाळेत सगळं डिजिटल. पोरगी तिथवर जाणार कशी, याचं ॲप अजून निघायचंय.

आणि आता तो ऊस तोडणारा. दिवाळीच्या आगंमागं आपल्या भवानीनगरच्या कारखान्याभोवती कोप्या पडतात. बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं बरोबर. गावाकडच्या शाळेत नाव, अंग इथं उसाच्या फडात. यांच्यासाठी राज्यात साखर शाळा निघाल्या, काही चालल्या, काही बसल्या. ऑनलाइन शिक्षण खरंच कुणासाठी असेल तर याच पोरांसाठी असायला पाहिजे की नाही? फिरती पोरं, फिरती शाळा! पण फोन एक, तो बापाच्या खिशात, चार्जिंग कुठं करायचं हाच प्रश्न, आणि पोरगी धाकट्याला सांभाळत पाचटात बसलेली.

कोरोनात हे उघडंच पडलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत पाहणी झाली. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांपैकी नियमित ऑनलाइन शिकत होती फक्त चार टक्के. खेड्यातल्या बाकीच्यांत पंधरा. आणि त्याआधीच्या सरकारी पाहणीत, २०१७-१८ ला, खेड्यातल्या शंभर घरांत संगणक असलेली घरं पाचसुद्धा नव्हती. फोन आता वाढलेत, मान्य. पण फोन म्हणजे शाळा नव्हे. आमच्या खोलीत सात जणांचे सात फोन आहेत, वाचायला जागा एकाचीपण नाही.

'खुलं' हा शब्दही आपल्याला अमेरिकेनं शिकवायची गरज नव्हती. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. ज्यांची बारावी राहिली अशांनी पूर्वतयारीचा कोर्स करून तिथं बी.ए. केलं. पुस्तकं मराठीत, घरपोच. आणि मुख्य म्हणजे अभ्यासकेंद्र, जिथं सुट्टीच्या दिवशी जाऊन माणसाला विचारता यायचं. त्याच्याही आधी, १९२५ ला, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. हे इथून काय लांब आहे? पहिल्यांदा कॉलेज नाही, वसतिगृह. दोन वेळचं जेवण, दिवा, अंथरूण, आणि आपल्यासारखी चार पोरं शेजारी अभ्यासाला. कोर्स कुठलाही असो, या चार गोष्टी त्याच्याबरोबर येत नाहीत. त्या वेगळ्या मागाव्या लागतात.

तर मागायचं काय? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचा नियम आहे. गावोगाव त्यातून सतरंज्या आणि जेवणाची भांडी येतात. भांडी झाली बस्स. समाजमंदिराची खोली रात्री अकरापर्यंत उघडी, दोन-तीन संगणक, वायफाय, पंखा, आणि आपल्यातलाच एखादा पदवी झालेला पोरगा मानधनावर रोज दोन तास, अडलेलं सांगायला. एनपीटीईएलचं सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेची फी पडते, हजाराच्या घरात. आपल्या पोरांची ती फी त्याच पैशातून. आणि कारखाना चालू आहे तोवर ही खोली कोप्यातल्या पोरांनाही उघडी, त्यांचं मतदान इथं नसलं तरी. हे शेवटचं कलम कुणी काढायला सांगेल, तर काढायचं नाही.

ग्रामसभेला ठराव मांडायचा तर तो लेखी पाहिजे, आणि सह्या बायकांच्याही पाहिजेत. कागद मी आणलाय. आज रात्रीच लिहून काढू, मला उद्या दुपारपाळी आहे.