हिशेबाची वही
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



मी अर्थतज्ज्ञ नाही. नोकरीनिमित्त हैदराबादला आलो आणि इथलाच झालो. म्हणून घरच्याच हिशेबाचे चार शब्द बोलतो.

1999 साली पीपीएफवर 12 टक्के व्याज मिळे. 72 ला व्याजदराने भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे कळतात. म्हणजे तेव्हा सहा. जानेवारी 2000 पासून दर उतरत गेला आणि मार्च 2003 मध्ये 8 टक्के झाला. दुपटीला नऊ वर्षे! मी मात्र मुलीच्या शिक्षणाचे गणित जुन्याच दराने मांडून बसलो होतो. 2005 मध्ये प्रवेशाच्या वेळी पैसे कमी पडले आणि सौ.च्या पाटल्या मोडाव्या लागल्या. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शंभर पानी वही आणली.

दूध, किराणा, रिक्षा, सगळे रोज रात्री वहीत लिहू लागलो. महिनाअखेर कळले, खिसा किरकोळ खर्चानेच फाटत होता. मग ठरवले: पगार झाला की आधी बचत, मग खर्च, आणि सहा महिन्यांचा घरखर्च कायम बाजूला.

एप्रिल 2020 मध्ये पीपीएफ 7.1 टक्क्यांवर आला, तेव्हा नवे गणित लगेच मांडले. आता मोबाईलवरून पैसे देताना नोट हातातून सुटत नाही, त्यामुळे खर्च जाणवतच नाही. म्हणून वही अजून चालू आहे.

व्याजदर आपल्या हाती नाही, वही आहे. आणि हो, पाटल्या परत केल्या!

गणपती बाप्पा मोरया!