आजार गेला, हृदय सांभाळा



आज मी कोरोनाविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ती साथ तर होऊन गेली!" खरे आहे. २०२० आणि २०२१ साली आपण ती भोगली. पण साथ ओसरली तरी रोग नाहीसा झालेला नाही. आजही तो कोणाकोणाला होतो. आणि ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे या रोगाचे नाही. काही जणांच्या हृदयावर तो आपली खूण ठेवून जातो.

आपले हृदय केवढे? आपल्या मुठीएवढे. ते मिनिटाला साधारण ७० वेळा धडधडते. दिवसाचे सुमारे एक लाख ठोके होतात. मोटेचे बैल आपण दुपारी सोडत होतो. हा बैल मात्र जन्मभर एकदाही सुटत नाही. रक्तवाहिन्यांच्या पाटांतून तो अंगभर रक्त पोचवतो.

कोरोना या हृदयाला तीन प्रकारे त्रास देतो.

पहिला प्रकार. हृदयाच्या स्नायूला सूज येते. मग हृदय थकते. कधी त्याचे ठोके चुकतात.

दुसरा प्रकार. रक्तवाहिनीचे आतले अस्तर दुखावते. तेथे रक्ताची गुठळी होते. पाटात ढेकूळ अडकले की पुढचे वाफे कोरडे राहतात ना? तसेच हे. गुठळी हृदयाच्या वाहिनीत अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या वाहिनीत अडकली तर अर्धांगवायू होतो.

तिसरा प्रकार. ठोक्यांवर ताबा ठेवणाऱ्या नसांचे काम बिघडते. मग माणूस नुसता उभा राहिला तरी छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे कशावरून? अमेरिकेत निवृत्त सैनिकांची तपासणी झाली. २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. कोरोना होऊन गेलेले दीड लाखाहून अधिक लोक तीत होते. कोरोना न झालेल्या लोकांशी त्यांची तुलना केली. वर्षभरात दर हजारी सुमारे ४५ जणांना हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे दुखणे जास्त झालेले दिसले. जे दवाखान्यात भरती झाले नव्हते, घरीच बरे झाले होते, त्यांनाही धोका थोडा वाढलेला होता. ज्यांचा आजार भारी, त्यांचा धोका मोठा.

भिऊ नका. बहुतेक माणसे चांगली बरी होतात. पण सावध राहा.

गावात पारावर एक बोलणे ऐकू येते. "तरणाताठा पोरगा अचानक गेला, लशीनेच गेला." आपल्या देशातील वैद्यकीय संशोधन परिषदेने याचा शोध घेतला. १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट असलेल्या माणसांच्या अचानक मृत्यूंची चौकशी केली. २०२३ साली निष्कर्ष आला. लशीमुळे असा धोका वाढलेला दिसला नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढलेला दिसला तो पूर्वी कोरोनाने दवाखान्यात भरती झालेल्यांत, घराण्यात कोणी असे अचानक गेलेले असेल त्यांच्यात, एका बैठकीत अतोनात दारू पिणाऱ्यांत आणि अंगाबाहेरची मेहनत करणाऱ्यांत. तेव्हा ऐकीव गोष्टीवर विसंबू नका.

आता सांगा, आजारातून उठलेला बैल तुम्ही लगेच नांगराला जुंपता काय? नाही. त्याला पेंड घालता, सावलीत बांधता. मग घरच्या माणसाला का जुंपता? बाई तापातून उठते आणि दुसऱ्याच दिवशी डोक्यावर दोन हंडे घेते. गडी उठतो आणि उसाच्या मोळ्या उचलतो. दम लागतो, पण सांगत नाही. "अशक्तपणा आहे, जाईल," म्हणतो. तो अशक्तपणाच असेल. पण नसला तर?

म्हणून एवढे करा. आजारानंतर काही दिवस विसावा घ्या. मग थोडे चाला. दम लागला नाही तर रोज थोडे वाढवा. तंबाखू, विडी आणि दारू सोडा. रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका.

पूर्वी लागत नव्हता असा दम लागला, पाय सुजले, छाती धडधडू लागली किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना दाखवा. "मला कोरोना होऊन गेला आहे," हे सांगा. ते हृदयाचा आलेख काढायला सांगतील. त्याला दुखत नाही.

छातीत दाटून आले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर वाट पाहू नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तरी तेच. १०८ क्रमांक फिरवा. रात्र आहे, उद्या बघू, असे म्हणू नका. भगताकडे जाण्यात वेळ घालवू नका. यात घटकाघटकेला किंमत आहे.

आता तुम्हाला वाचता येते. १०८ हा आकडा घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर घरातल्या बाईमाणसाला विचारा, "तुला दम तर लागत नाही ना?" ती आपण होऊन सांगणार नाही. तुम्हीच विचारायला हवे.