मोटारीच्या इंजिनाचा श्वास

मोटारीचें इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतो. पण वजनानें पाहिलें तर तें पेट्रोलपेक्षां हवाच कितीतरी अधिक खातें. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल वाढविणें सोपें, हवा वाढविणें अवघड. म्हणून ज्याला इंजिनाची शक्ति वाढवावयाची असते त्याची दृष्टि प्रथम हवा आंत नेणाऱ्या नळ्यांकडे वळते. निरनिराळ्या सिलिंडरांना हवा वांटून देणारा हा जो नळ्यांचा जुडगा, त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. कारखान्यानें दिलेला मॅनिफोल्ड घरच्या घरीं कापून, कानशीनें घांसून, त्याच्या नळ्या आंखूड व रुंद करण्याचा नाद हौशी लोकांत, विशेषतः अमेरिकेंत, फार जुना आहे. या खटपटीनें काय मिळतें आणि त्यासाठीं काय द्यावें लागतें, याचा आज विचार करूं.

प्रथमदर्शनीं वाटतें कीं, नळी म्हणजे नुसती वाट. ती जितकी आंखूड आणि रुंद, तितकी बरी. परंतु नळींतील हवा नुसती वाहत नाहीं, ती कंपही पावते. बांसरीचीं भोकें बोटांनीं मिटलीं म्हणजे स्वर उतरतो, उघडलीं म्हणजे चढतो. कारण कंप पावणाऱ्या हवेची लांबी बदलते. इंजिनांतही तसेंच होतें. दट्ट्या खालीं येऊं लागला कीं नळींत विरळ हवेची एक लाट उठते. ती नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तेथून दाट हवेची लाट होऊन परत फिरते. झडप मिटण्यापूर्वीं ती ऐन वेळीं दाराशीं पोंचली, तर थोडी अधिक हवा आंत कोंबली जाते. उशीर झाला तर तिला दार बंद असतें.

आतां या लाटेचा वेग ध्वनीचा, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटर. इंजिन हळू चालो कीं जोरानें, तो बदलत नाहीं. तीस इंच लांबीच्या नळींतून जाऊन येण्यास लाटेला सुमारें साडेचार सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटास २,८०० फेरे होत असतील तर तेवढ्या वेळांत इंजिन एक पंचमांश फेरा फिरतें. ५,६०० होत असतील तर दोन पंचमांश. लाट तीच, पण दुसऱ्या वेळीं इंजिन तिच्यापुढें निघून गेलेलें असतें. तिला वेळेवर आणावयाचें तर नळी निम्मी केली पाहिजे. प्रत्यक्षांत सिलिंडरचें आकारमान, झडपांची वेळ असे इतरही हिशेब असतात. पण मुख्य सूत्र हेंच.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे १९६० सालची क्रायस्लर ३००-एफ ही मोटार. तिचें इंजिन आठ सिलिंडरांचें, ४१३ घनइंचांचें. नळ्या तीस इंची; इतक्या लांब कीं एका बाजूच्या सिलिंडरांचा कार्ब्युरेटर इंजिन ओलांडून दुसऱ्या बाजूस बसविलेला. या इंजिनाची शक्ति ५,००० फेऱ्यांना ३७५ अश्वशक्ति, आणि फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, २,८०० फेऱ्यांना ४९५ पौंड-फूट. त्याच कंपनीनें दुसराही प्रकार दिला होता. त्याचा मॅनिफोल्ड बाहेरून जवळजवळ तसाच. पण शेजारशेजारच्या नळ्यांमधील पडदा आंतून निम्म्या लांबीपर्यंत काढलेला, त्यामुळें कामापुरती लांबी पंधरा इंच. येथें शक्ति ५,२०० फेऱ्यांना ४०० झाली. मात्र टॉर्क ४६५ वर उतरला, आणि तोही ३,६०० फेऱ्यांना मिळूं लागला. सारें श्रेय एका पडद्याला देऊं नये. पण व्यवहार कोणत्या दिशेचा तें स्पष्ट आहे. वर पंचवीस अश्वशक्ति मिळविल्या, खालीं तीस पौंड-फूट दिले.

कंपनीच्याच तरुण एंजिनियरांच्या ‘रॅमचार्जर्स’ मंडळानें १९४९ सालच्या एका जुन्या प्लिमथ मोटारीवर रबरी नळ्यांचे तुकडे जोडून उंचच उंच मॅनिफोल्ड स्वतः बनविला आणि १९५९ सालीं ती शर्यतींत उतरविली. त्यांना पाव मैल धांवावयाचें होतें, बाजारांत जावयाचें नव्हतें. म्हणून त्यांचा हिशेब निराळा.

शहरांतील मोटार बहुतेक वेळ खालच्या फेऱ्यांतच चालते. चौकांत सुटतांना, चढावर, भरल्या गाडींत जो जोर लागतो तोच आंखूड नळ्या हिरावून घेतात. कारखान्यानें लांब नळी दिली ती अज्ञानानें नव्हे, हें कानस उचलण्यापूर्वीं ध्यानीं धरावें.

तरीही ज्याला करावयाचेंच आहे त्यानें कांहीं पथ्यें पाळावींत. मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवूनच काम करावें; धातूचा कीस सिलिंडरांत गेला तर इंजिनच खरवडून निघतें. ओतकामाचे कंगोरे काढावे, गॅस्केटच्या भोकाशीं तोंड जुळवावें. पण भिंत पातळ करूं नये. जोडांतून हवा गळूं लागली कीं मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, उष्णता वाढते, आणि पुढें दट्ट्या जळण्यापर्यंत मजल जाते. हवेचें मान बदललें म्हणजे पेट्रोलचेंही नव्यानें जुळवून घ्यावें. आणि बदलापूर्वीं व नंतर शक्ति मापून पाहावी. आवाज वाढला म्हणजे शक्ति वाढली असें कानाला वाटतें, पण कान हें मापन नव्हे.

पुढें शास्त्रज्ञांनीं या पेंचावर तोडही काढली. १९९१ सालीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा मोटारीच्या नळ्या फेऱ्यांप्रमाणें चालतां चालतां लांब-आंखूड होत. रस्त्यावरच्या पुष्कळ मोटारींतही आतां पडदा उघडून आंखूड वाट मोकळी करणारे मॅनिफोल्ड असतात. ज्याच्यापाशीं असें साधन नाहीं, त्यानें आपली गाडी दिवसाचा अधिक वेळ किती फेऱ्यांवर चालते, तें आधीं आठवडाभर टिपून ठेवावें. नळीची लांबी त्या टिपणावरून ठरवावी.