चिकाची मुदत

(नभोवाणीवरील भाषण)



गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी पोचता करण्याची आपल्या सातारा-सांगलीकडे जुनी रीत आहे. परंतु डुकरिणीलाही चीक येतो, आणि वासराइतकेच तिचे पिलूही त्या चिकावाचून सर्वस्वी निराधार असते, याचा विचार वराहपालन करणाऱ्या मोजक्या घरांखेरीज कोणी फारसा करीत नाही.

सुमारे 114 दिवस ते पिलू उदरात वाढते. पण डुकरिणीच्या वारेची रचनाच अशी की, मातेच्या रक्तातील रोगप्रतिबंधक द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंडे, तीतून पलीकडे जात नाहीत. मानवाचे मूल आईची ही शिदोरी जन्मापूर्वीच घेऊन येते. डुकराचे पिलू रित्या हाताने येते. चिकात मात्र ती द्रव्ये विपुल असतात, आणि नवजात पिलाचे आतडे त्यांना न पचविता जशीच्या तशी रक्तात घेते; हा दरवाजा साधारण एक दिवस, फार तर दीड दिवस उघडा राहतो, आणि एकदा बंद झाला की पुन्हा उघडत नाही.

कृष्णाकाठच्या एका गोठ्यात पहाटे मी अकरा पिलांचे वेत पाहिले होते. शेवटचे पिलू मुठीएवढे, थरथरणारे; भावंडांच्या रेटारेटीत ते कासेपासून दोनदा मागे लोटले गेले. घरच्या बाईने ते गोणपाटाने पुसले, कुशीत ऊब दिली, आणि पुढल्या सडाला तोंड लावून ते घटाघटा पिऊ लागेपर्यंत तिने हात काढला नाही. त्या पिलाचे पुढचे कित्येक आठवडे त्या घटकाभरात ठरले.

मातेकडून आलेल्या या ठेवीत भर पडत नाही. ती दिवसेंदिवस झिजतच जाते. तेवढ्या मुदतीत पिलाला स्वतःची फौज उभारावयाची असते. जन्मसमयी त्याच्या रक्तातील श्वेतपेशींत जंतूंना गिळणाऱ्या पेशींचा भरणा असतो. पुढे काही आठवड्यांत लिंफोसाइट नावाच्या, शत्रूची ओळख ठेवणाऱ्या पेशी त्यांच्यावर संख्येने मात करतात. आतड्याचे अस्तर तर प्रथम जवळजवळ ओस असते. तेथे लिंफोसाइटांपैकी आधी साहाय्यक पेशींची वस्ती होते, आणि बाधित पेशींचा नाश करणाऱ्या मारक पेशी मागाहून येतात. गॅमा-डेल्टा जातीच्या पेशी माणसाच्या रक्तात थोड्या, पण कोवळ्या डुकरात कित्येकदा लिंफोसाइटांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असतात; वयाबरोबर त्यांचे प्रमाण उतरते, आणि साहाय्यक व मारक अशा दोन्ही खुणा अंगावर वागविणाऱ्या, पूर्वी एखाद्या रोगाशी झुंजलेल्या, मुरलेल्या पेशी वाढत जातात. छत्रपतींच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. पिलू बारगीर म्हणून चाकरीस लागते आणि हळूहळू शिलेदार होते, असे म्हटले तर वस्तुस्थितीला फारसे सोडून होणार नाही.

दगा असतो तो मधल्या काळात. मातेची ठेव सरत आलेली आणि घरची फौज अजून कच्ची, नेमक्या त्याच सुमारास पिलाचे दूध तोडावयाचे, खाणे पालटावयाचे, आणि बाजाराच्या गाडीत घालून त्याला परक्या कळपात लोटावयाचे, ही घाई मला सर्वथा अनुचित वाटते. हगवण लागून मेलेल्या पिलांची मोजदाद कोणत्याही दप्तरात होत नाही, पण त्या घराचा वर्षाचा जमाखर्च तेवढ्याने कोसळतो. लसीलाही हीच अडचण. स्वाइन फीवरची लस फार लवकर टोचली, तर आईचीच प्रतिपिंडे तिला निष्प्रभ करतात. म्हणून लस टोचलेल्या डुकरिणीच्या पिलांना ती साधारण दोन महिन्यांच्या सुमारास द्यावी. आपल्याच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पालकाने वेताची तारीख सांगितली, तर तेथील किंवा तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर लसीचा दिवस नेमून देऊ शकतील. मात्र ती तारीख पालकाजवळ टिपलेली हवी.

त्या कृष्णाकाठच्या घरी ती होती. बाईने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढली होती. मी पुन्हा गेलो त्या दिवशी रेघा एकेचाळीस भरल्या, आणि अकरावे पिलू अद्याप आईजवळच होते.