आपल्याही तासांची नोंद

महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस), एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक मंडळ, विद्यार्थी विकास यांपैकी काही ना काही सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

तुम्ही सगळे खुर्च्यांवर निवांत बसून कार्यक्रम ऐकता आहात, हे दृश्य दुर्मीळ आहे. एरवी आपण विंगेत असतो. पाहुण्यांची गाडी कुठवर आली ते विचारत असतो, नाहीतर हार कमी पडले म्हणून कुणाला तरी बाजारात पिटाळत असतो. मघाशी माईकने शिट्टी मारली तेव्हा निम्मं सभागृह उठायच्या बेतात होतं. सवय जात नाही.

अशा भाषणात आपल्या कामाची थोरवी गायची रीत आहे. मी ती आज मोडणार आहे, कारण थोरवीने आपलं फार नुकसान केलं आहे. ‘आमचे सर घरदार विसरून मुलांसाठी राबतात’ हे वाक्य आपण किती निरोप समारंभांत ऐकलं! शाल, श्रीफळ आणि हे वाक्य. घरदार विसरणं ही एकदा पात्रता ठरली, की संध्याकाळी सहाला ‘मुलाला पाळणाघरातून आणायचंय’ म्हणून निघणारी शिक्षिका आपोआप कमी निष्ठेची ठरते. म्हणून आज मला निष्ठेबद्दल काही बोलायचं नाही. मला तासांबद्दल बोलायचं आहे.

आपलं वर्ष कसं जातं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. २१ जूनला योग दिन, तेव्हा प्रवेशच पुरे झालेले नसतात. मुलं आणायची कुठून? ऑगस्टमध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी, मुंबईत युवा महोत्सवाच्या फेऱ्या. १५ ऑगस्ट. २४ सप्टेंबरला एनएसएसचा वर्धापन दिन, २ ऑक्टोबरला स्वच्छता, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. ३१ ऑक्टोबरचा एकता दिन बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत येतो, तरी अहवाल लागतोच. पुढे संविधान दिन, हिवाळी शिबिर, १२ जानेवारीचा युवा दिन, मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, स्नेहसंमेलन. २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत सवाई एकांकिका स्पर्धा रंगते. ज्यांची एकांकिका तिथवर पोचते त्यांचे सर रात्रभर जागून सकाळी झेंडावंदनाला हजर. यांतला एखादा दिवस गाळा असं मी म्हणत नाही. पण इतरांच्या पंचांगात जे लाल रंगात असतं, ते आपल्याकडे कामाच्या यादीत असतं. त्यात आदल्या संध्याकाळी येणारं परिपत्रक: उद्या अमुक दिन उत्साहात साजरा करावा आणि दुपारपर्यंत छायाचित्रं पाठवावीत. छायाचित्रंही साधी चालत नाहीत. नॅकच्या मूल्यांकनासाठी त्यांच्यावर अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. झाड लावून झालं तरी मोबाइलला जागा सापडेपर्यंत आपण खड्ड्याशी उभे!

आता नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा आहे आणि सहायक प्राध्यापकाने त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं आहे. उरलेल्या २४ तासांत वाचन, संशोधन, तपासणी आणि समित्या. तालमी त्यात कुठे बसतात? दत्तक गावातलं सात दिवसांचं निवासी शिबिर कुठे बसतं? सात दिवस चोवीस तास ५० मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाने तो आठवडा कोणत्या रकान्यात लिहायचा? दीर्घ सुट्टीत काम केलं तर त्याच्या एक-तृतीयांश इतकी अर्जित रजा मिळते, म्हणजे तीन दिवस राबा आणि एक दिवस जमा करा. रविवार आणि रात्री तर या हिशेबात येतच नाहीत.

गंमत अशी, की मुलांचे तास आपण काटेकोर मोजतो. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. त्याची डायरी असते आणि त्याच्या तासांवर आपण सही करतो. त्या १२० तासांत त्याच्याबरोबर शेतात, शाळेच्या भिंतीपाशी, रक्तदान शिबिरात जो उभा असतो, त्याची डायरी कुणाकडे आहे? ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तेव्हा प्राध्यापकाने ती हौसेने अंगावर घ्यावी हे चालण्यासारखं होतं. आज हौसेवर एवढा डोलारा उभा ठेवणं बरं नाही.

त्याच विनियमांतलं पदोन्नतीचं कोष्टक तर वाचण्यासारखं आहे. विद्यार्थ्यांशी संबंधित उपक्रमांत तीन किंवा अधिक कामांत सहभाग असेल तर शेरा ‘चांगला’, एक-दोन कामांत असेल तर ‘समाधानकारक’. सहभाग किती तासांचा, हे कोष्टक विचारत नाही. वर्षभर एकाच नाटकाच्या मुलांमागे उभा राहिलेला शिक्षक समाधानकारक, आणि तीन समित्यांच्या कागदांवर ज्याचं नाव तो चांगला. मग नवा सहकारी समित्या गोळा करतो. त्याला दोष कसा द्यायचा?

या सगळ्याचा सगळ्यात जास्त भार कुणावर पडतो, तेही बोललं पाहिजे. तालीम रात्री संपते. मुलींना एकटं पाठवायचं नाही, हे बरोबरच आहे. मग शेवटच्या मुलीचे वडील दुचाकीवरून येईपर्यंत, किंवा तिला शेवटच्या एसटीत बसवेपर्यंत, फाटकाशी कोण थांबतं? शिबिरात मुली असतात म्हणून शिक्षिका लागते, आणि बहुतेक महाविद्यालयांत ती दरवर्षी तीच असते, कारण बाकीच्यांची मुलं लहान किंवा सासूबाई आजारी. तिच्या घरीही हेच असतं. आईबरोबर शिबिराला आलेली, मुलींच्या राहुट्यांतून फिरणारी, परीक्षेचा अभ्यास जेवणाच्या पंगतीत करणारी लेकरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पुरुष सहकारी रात्री अकराला घरी जातात तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असतं, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य करावं.

आणि तासिका तत्त्वावरचे आपले तरुण सहकारी. त्यांना मानधन फक्त शिकवलेल्या तासाचं मिळतं. पण वयाने मुलांच्या जवळचे म्हणून सांस्कृतिक मंडळ हटकून त्यांच्याकडे जातं. महोत्सवाच्या तीन दिवसांत त्यांचे तास बुडतात, म्हणजे पैसेही बुडतात. ते नकार देत नाहीत, कारण पुढच्या जूनची नेमणूक डोळ्यांसमोर असते. याला ‘हौस’ म्हणणं मला निलाजरेपणाचं वाटतं.

थोडं आपल्या घरातलंही. आपल्यातल्या काहींना आपल्यावाचून पान हलू नये असं वाटतं. मंचावरच्या फुलांचा रंग सरांनीच ठरवायचा, सूत्रसंचालनातलं प्रत्येक वाक्य मॅडमनीच तपासायचं. मग मुलं रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर विचारतात, ‘सर, पडदा निळा की मरून?’ आणि आपण सवयीने उत्तर देतो. पडद्याचा रंग वीस वर्षांच्या मुलाला ठरवता येतो. चुकला तर चुकला! प्रहसन आणि मूकाभिनय बसवणारी मुलं जमाखर्चही लिहू शकतात, पक्कं बिल कसं मागायचं हेही शिकतात. रुग्णालय, पोलीस, पालक यांच्यासाठी आपला फोन रात्रीही चालू राहील; निळा-मरूनसाठी तो नऊनंतर बंद असावा.

खुर्चीचंही तेच. एनएसएसच्या नियमावलीत कार्यक्रम अधिकाऱ्याचा काळ तीन वर्षांचा आहे, फार तर आणखी एक वर्ष. शहाणा नियम आहे. नवा माणूस तयार होतो आणि जुन्याला पुस्तकांकडे, पीएचडीकडे, घराकडे परतता येतं. सांस्कृतिक मंडळाला अशी मुदत बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून एकच माणूस निवृत्तीपर्यंत ‘गॅदरिंगवाले सर’ राहतो.

आता आपल्या हाती एक चांगलं साधन आलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एनएसएस, एनसीसी, क्रीडा, कला यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतात. त्यामुळे आपलं काम वाढलं, गुणपत्रकं आली, हे खरं. पण श्रेयांक तासांवरच उभा असतो. विद्यार्थ्याच्या खात्यात ते तास जमा होत असतील, तर त्याच वेळी त्याच मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या कार्यभारात ते का नकोत? वर्गातल्या तासाला आपण असं कधी म्हणतो का, की मुलगा शिकला पण शिकवणारा हजर नव्हता? वेळापत्रकात तालमीचा तास लिहिला, की त्या बदल्यात दुसरा तास कमी करावा लागेल आणि प्राचार्यांना माणूस मागावा लागेल. रिक्त पदांचा प्रश्न तेव्हा आपोआप आपल्याही दारातून वर जाईल. आज तो जात नाही, कारण आपण फुकटात भागवतो.

म्हणून आज एक ठराव मांडायचा आहे; त्याचा मसुदा तुमच्या फायलीत आहे. त्यात मागण्या तीनच ठेवल्या आहेत: सहअभ्यासक्रमाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत, रविवारी आणि निवासी शिबिरात केलेल्या कामाची बदली सुट्टी त्याच सत्रात मिळावी, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला उपक्रमाच्या तासांचं मानधन मिळावं. गौरवपर शब्द मी मसुद्यातून काढून टाकले आहेत, ते कुणी परत घालू नयेत. बाकी दुरुस्त्या जेवणाआधी लेखी द्या. चर्चेचं सत्र अडीचला सुरू होईल आणि साडेचारला संपेल. लांबून आलेल्यांच्या गाड्या आहेत.